एकाच मुहूर्ताची ज्वारी

८ सप्टेंबर, ऋषिपंचमी

आज आमच्या घरात एक राजीनामा जाहीर झाला. राजीनाम्यांचं मला अप्रूप नाही. जिल्हा वार्ताहर म्हणून अनेक पदाधिकाऱ्यांचे राजीनामे मी छापून आणले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची माघारही. पण हा राजीनामा आमच्या कन्येचा आहे, आणि माघारीची चिन्हं दिसत नाहीत.

देवयानी गणपतीला पुण्याहून आली ती मैत्रीण महेश्वरीला घेऊन. दोघी एकाच कंपनीत, एकाच खोलीत भाडेकरू. महेश्वरी अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची. ऋषीची भाजी पानात पडली आणि देवयानीने सांगून टाकलं: दसऱ्याला दोघी नोकरी सोडणार आणि महेश्वरीच्या वडिलांच्या शेतात हुरडा करणार.

"हुरडा करायचा नसतो, खायचा असतो," मी म्हणालो.

"तोच लोकांना खायला घालणार. दोन महिने, रोज. ज्वारी आठ-दहा दिवसच कोवळी राहते, म्हणून सगळे आठ-दहा दिवसच दुकान मांडतात. आम्ही डिसेंबरअखेरपासून पार फेब्रुवारीपर्यंत देणार. इकडं हे कुणी केलेलं नाही, बाबा."

कुणी केलेलं नाही याला काही कारण असू शकेल, असं मी सुचवलं. शकुंतलेने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, माझ्या पानात आणखी भाजी वाढली. मला गप्प करण्याची ही तिची जुनी रीत आहे.

प्रकरण दिसतं तितकं हलकं नाही. महेश्वरीचे वडील तिप्पण्णा यांचे गुडघे गेलेत, मुलगा नंदीश बेंगळुरात रमलाय. सोलरची एक कंपनी जमीन तीस वर्षांच्या कराराने मागते आहे. महेश्वरी म्हणाली, "अप्पांनी आम्हाला एक हंगाम दिलाय, काका. शिवरात्रीला कंपनीला उत्तर द्यायचंय. आमचं जमलं तर जमीन आमच्याकडं. नाही जमलं तर तिथं तीस वर्षं काचा."

मी मुलीचं नाव देवयानी ठेवलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर संस्कृतची प्राध्यापिका होती. असो.

१६ सप्टेंबर

एका सहकारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेत होतो. खुर्च्या फेकण्याचा विषय नुकताच पटलावर आला होता, तेवढ्यात देवयानीचा पुण्याहून फोन. बाहेर येऊन घेतला.

"बाबा, तिप्पण्णाकाका उद्या बाजाराला सोलापुरात येणार आहेत, घरी येतील. त्यांना एवढंच सांगा. शेताचे पाच तुकडे आहेत. पहिला वीस तारखेला पेरायचा. मग आठ-आठ दिवसांनी एकेक. महेश्वरी सांगते तर ते 'बघू' म्हणतात. तुमचं ऐकतील."

"बरं."

"नीट सांगा हं."

"तीस वर्षं लोकांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवतो आहे मी."

"म्हणूनच म्हणते, नीट सांगा."

१७ सप्टेंबर

तिप्पण्णा आले. धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूती, हातात मुगाच्या शेंगांची पिशवी. मला 'पेपरसायेब' म्हणतात. पहिल्याच भेटीत माणूस आवडला. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबतो, जणू ते वाक्य विचार करण्यासारखं असावं. घरात अशी सवय कुणाला नाही.

"पोरी कायबाय बोलत हुत्या, मागंपुढं पेरायचं म्हनून," ते म्हणाले. "तुमी सांगाल तसं करतो. पर आदी एक काम करा की. मुहूर्त बघून द्या. पयल्यांदाच पोरीच्या नावानं पेरतोय."

माझं पंचांगाचं वेड सर्वश्रुत आहे. मित्रमंडळींच्या वास्तुशांती, साखरपुडे, एका उपसंपादकाची शस्त्रक्रियासुद्धा माझ्या मुहूर्तावर पार पडली. पंचांग उघडलं आणि घोटाळा लगेच दिसला. उद्यापासून पितृपक्ष. म्हणजे देवयानीची पहिली तारीख गेली, दुसरीही गेली. पुढच्या तारखा पाहाव्या तर कुठे रिक्ता तिथी, कुठे भद्रा. सगळ्या महिन्यात निर्दोष दिवस एकच: तीन ऑक्टोबर, घटस्थापना. घरोघरी परडीत धान्य पेरण्याचा दिवस! यापेक्षा सुंदर योग कुठला?

आता मुहूर्त एक आणि पेरण्या पाच, हे काही जुळेना. पण एकाच घटनेच्या पाच गावांहून पाच बातम्या आल्या, तर त्या एकत्र करून एक सुबक बातमी करणं हे माझं रोजचं काम आहे. तेच केलं.

"म्हंजे सगळं एकाच दिसात?" तिप्पण्णांनी विचारलं.

"मुहूर्त एक, पेरणी एक."

ते थोडं थांबले. मग म्हणाले, "ब्येस. ट्रॅक्टरवाल्याच्या पाच खेपा वाचल्या. तुमी शिकलेली मानसं, बघूनच सांगत असणार."

देवयानीला निरोप पाठवला: 'सविस्तर बोलणं झालं. काम चोख होईल.' तिने अंगठा पाठवला.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

शेत अक्कलकोटहून मैंदर्गीला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. काळीभोर जमीन. पायाखाली इतकी मऊ की माझ्या चपला तिने दोनदा ठेवून घेतल्या. तिप्पण्णांच्या पत्नी नागव्वा यांनी जमिनीची ओटी भरली. मराठी त्यांना समजतं, पण बोलतात कानडीच. मला कानडी येत नाही, त्यामुळे आमचं एकमेकांविषयी फार चांगलं मत आहे.

ट्रॅक्टर सुरू झाला आणि जेवणाच्या आत पाचही तुकडे पेरून झाले. इतकं काम इतक्या सुसूत्रपणे सरकारी योजनेत कधी पाहिलं नाही. परतताना वाटलं, मुलीच्या नव्या आयुष्याला आपलाही हात लागला. शकुंतलेला सगळं सांगितलं. ती चपलांचा चिखल खरवडत म्हणाली, "पण ती आठ-आठ दिवसांनी म्हणाली होती ना?"

"ते मी संपादित केलं."

१३ ऑक्टोबर

मुली बाडबिस्तरा घेऊन कायमच्या आल्या. दसरा घरी झाला आणि आज आम्ही शेतावर गेलो.

पाचही तुकड्यांत ज्वारी बोटभर वर आलेली, सगळीकडे अगदी सारखी, जणू कुणी फूटपट्टी धरून उगवून घेतली असावी. देवयानी बांधावर उभी राहून एकेक तुकडा बोटाने मोजू लागली. महेश्वरी तर खालीच बसली. भारावल्या असाव्यात.

"सगळंच पेरलं?" देवयानी म्हणाली.

"सगळं. एका सकाळी."

"मी आठ-आठ दिवसांनी म्हणाले होते."

"त्याची गरज पडली नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. सातवीत असताना तिने चार पानांचा निबंध लिहिला होता आणि मी लाल शाईने त्याचं एक पान केलं होतं, तेव्हा असंच पाहिलं होतं.

तिप्पण्णा मागून गुडघा धरत आले. "काय चुकलं काय ग पोरी?"

देवयानीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही काका. लई एकसारखं उगवलंय."

"सायबांचा मुहूर्त की," तिप्पण्णा म्हणाले. मी नम्रपणे हात हलवला.

१४ ऑक्टोबर

सकाळपासून स्वयंपाकघरात दोघी मुली आणि शकुंतला. दार लोटलेलं. आतून आधी रडण्याचा आवाज आला असं वाटलं, मग तिघी हसत आहेत असं वाटलं. मी दार ढकललं तेव्हा तिघीही मेथी निवडत होत्या. तिघींनी मिळून एक जुडी.

चहाच्या वेळी मला सांगण्यात आलं की बेत बदलला आहे. दोन महिने हुरडा देण्याऐवजी आता सगळा हुरडा दहाच दिवसांत देणार. जानेवारीच्या पहिल्या शनिवारपासून संक्रांतीपर्यंत.

"आणि दोन महिन्यांची माणसं?"

"तीही दहा दिवसांत आणायची," देवयानी म्हणाली.

"एवढी माणसं रोज? त्या शेतात? अगं, हा काय दिग्विजय आहे? कालपर्यंतचा विचार किती समंजस होता!"

"मोठा विचार करायचं ठरवलंय, बाबा."

"काल काय लहान होता?"

"काल तो शक्य होता," ती म्हणाली, आणि महेश्वरीला ठसका लागला.

मला हे पटलेलं नाही. घाईघाईने बेत बदलणं हा या पिढीचा दोष आहे.

जाता जाता: पंचांग जागेवर नाही. शकुंतला म्हणते, रद्दीत गेलं असेल.

२ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळणी झाल्यावर देवयानीने मला नवा बेत नीट समजावला. नेहमीच्या ठिकाणी एक आगटी असते. आगटी म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं भाजायची. भोवती आठ-दहा माणसं, बाजूला झोका आणि बैलगाडी. या दोघी झोका आणि बैलगाडी रद्द करून बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आगट्यांची रांगच खणणार. दोन्ही बाजूंना माणसं, लग्नात बसतात तशी. "हुरड्याची पंगत," महेश्वरी म्हणाली. "आमच्याकडं जत्रेत हजार माणसं जेवून उठतात, काका. ते जमतंय तर हे का नाही?"

कल्पना मोठी आहे, हे मी मान्य करतो. मोठ्या कल्पनांची उद्घाटनं मी पुष्कळ पाहिली आहेत. दुसरा वर्धापनदिन फार थोड्यांचा पाहिला.

इथे खरं लिहायला हरकत नाही: मला भीती वाटते. हुरडा थांबत नाही. दहा दिवसांत माणसं आली नाहीत तर दाणा कडक होणार, शिवरात्रीला तिप्पण्णा कंपनीला होकार देणार, आणि मुलगी बापाच्या घरात मान खाली घालून बसणार. म्हणून आज गुपचूप तिच्या जुन्या साहेबांना पुण्याला फोन केला. जागा अजून रिकामी आहे का, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "बरं झालं तुम्हीच फोन केलात. आमच्या ऑफिसच्या दोन बसेस येणार आहेत. तिथं सावली आहे ना?"

मी म्हणालो, सावली आहे. आता ती पाहायला हवी.

२८ नोव्हेंबर

मुली घरात दिसत नाहीत. एक दिवस अकलूजला डॉक्टरांच्या संघटनेकडे, एक दिवस करमाळ्याच्या व्यापाऱ्यांकडे, मग अक्कलकोटात भक्तनिवासांच्या दारात, स्वामींच्या दर्शनाला आलेल्या मोटारींच्या काचांवर पत्रकं लावत. परत आल्या की शेतात खणायला. जमीन आता सुकून दगड झाली आहे. महेश्वरीच्या तळहातांना फोड आलेत. देवयानीचे फुटून बरे झाले, पुन्हा आले. महिन्याभरात ती माझ्याशी एकदाही वितंडवाद घालायला बसलेली नाही, यावरून तिच्या थकव्याची कल्पना यावी.

गोवऱ्या नागव्वा जमवत आहेत, साऱ्या मैंदर्गीतून. घरात माझ्या वाट्याला फोन आले आहेत. सोलापुरात मी ओळखत नाही असा माणूस नाही, आणि माझ्या उपकारातून निसटलेलाही फारसा नाही. दिवसाला वीसेक जणांना आठवण करून देतो.

"फेब्रुवारीत नाही का जमणार?" सगळे हेच विचारतात. मी देवयानीला म्हणालो, लोक स्वतःहून फेब्रुवारी मागतात, तुझा पहिलाच बेत बरा होता. तिने डोळे मिटले, पाचपर्यंत मोजले असावेत, आणि म्हणाली, "पुढचा नंबर लावा, बाबा."

३० डिसेंबर, येळवस

मार्गशीर्षातली ही अमावास्या आमच्याकडे शेतात साजरी होते. ज्याला शेत आहे तो ज्याला नाही त्याला जेवायला नेतो. आम्हाला तिप्पण्णांनी नेलं. ज्वारीच्या धाटांची खोप, तिच्यात पूजा, मग आंबील, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी.

कणसं भरली आहेत. तिप्पण्णांनी एक दाणा नखाने दाबला, दुधाचा थेंब आला. मग दुसऱ्या तुकड्यात, तिसऱ्यात. सगळीकडे तोच थेंब. "आठवड्याभरात तयार. सगळं एकदमच," ते म्हणाले, आणि मुलींकडे पाहिलं. "पोरीहो, एवढं संपणार कसं?"

नागव्वा हुरड्याला सीतनी म्हणतात. मला शब्द फार आवडला. सीता म्हणजे नांगराची रेघ, तिथून हा शब्द आला असावा, असं मी दहा मिनिटं सप्रमाण मांडलं. महेश्वरी म्हणाली, "गोड कणीस, काका. एवढाच अर्थ आहे." नागव्वांनी माझ्या द्रोणात आंबील ओतली. शकुंतलेने त्यांना काही शिकवून ठेवलं असावं.

४ जानेवारी

पहिला दिवस. लिहायला नको वाटतं.

माणसं आली नाहीत असं नाही. आली, आणि सगळी बारा वाजता आली. पुण्याच्या दोन्ही बसेस, सोलापूरच्या मोटारी, अकलूजचे डॉक्टर. आगट्या पेटल्या, पण गोवरीला निखारा व्हायला तिचा वेळ लागतो. कणीस भाजलं की गरम असतानाच तळहातावर चोळायचं. चोळायला बोलावलेल्या गावातल्या बायका जीव तोडून चोळत होत्या, तरी एका पत्रावळीत मूठभर दाणे पडायला किती वेळ! लोक शेंगाची चटणी आणि दही नुसतंच खाऊन बसले. एक डॉक्टर म्हणाले, "आम्ही अपॉइंटमेंट देतो, तुम्ही नुसतं बोलावता."

मी चोळायला बसलो. पाच मिनिटांत कळलं की माझे तळहात फक्त लेखणीसाठी घडवले गेले आहेत.

चार वाजता पुणेकर निघाले तेव्हा निम्मे उपाशी. देवयानीने बसच्या दारात उभं राहून एकेकाची माफी मागितली. तिप्पण्णा लांब बांधावर बसून सगळं पाहत होते. मग उठून न भाजलेली कणसं मोजू लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

५ जानेवारी

पहाटे गाडीत देवयानी आणि महेश्वरीने डोकी एकत्र केली. शेत येईपर्यंत निर्णय झाला. देवयानी म्हणाली, "शेत मागंपुढं पेरता आलं नाही, तर माणसं मागंपुढं पेरायची."

वाक्य चांगलं आहे. संदर्भ कळला नाही.

केलं असं: येणाऱ्या प्रत्येकाला फोन करून वेळ दिली. पहिली पंगत आठला, मग तासातासाने पुढची, संध्याकाळपर्यंत. आगट्याही तशाच क्रमाने पेटवायच्या. एक पंगत उठते तोवर पुढच्या रांगेचा निखारा तयार. फोन मी केले. "हुरडा खायला आठ वाजता?" एका निवृत्त न्यायाधीशांनी विचारलं. मी म्हणालो, "साहेब, तारीख पुढे ढकलून मिळणार नाही." आयुष्यभर त्यांनी वकिलांना जे ऐकवलं, ते त्यांना ऐकवण्याचा योग आला.

न्यायाधीश आठला हजर होते. स्वेटर, कानटोपी, आणि तिसरी पत्रावळ.

९ जानेवारी

आज गुरुवार. अक्कलकोटच्या दर्शनाला आलेली निम्मी गर्दी परतताना आमच्याकडे वळली, तरी कुणी ताटकळलं नाही, कुणी उपाशी गेलं नाही. रांगेच्या टोकाला उभा राहिलो होतो. धूर, गरम दाण्यांचा वास, गुळाचे खडे, आणि सगळीकडे तो चोळण्याचा खसखस आवाज. मुंबईच्या एक बाई एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, आजोळी खाल्ला होता, त्यानंतर आजच. मग नुसत्या खात राहिल्या.

दोन तुकडे संपले. तिप्पण्णांनी आज पहिल्यांदा पत्रावळी वाटल्या. मला म्हणाले, "एवढी मानसं आमच्या नंदीशच्या लग्नाला न्हवती, पेपरसायेब."

"लग्नात हुरडा नव्हता."

"लग्नात पोरी न्हवत्या," ते म्हणाले. मला हे नीट उमगलं नाही. लग्नात महेश्वरी असणारच की.

१४ जानेवारी, संक्रांत

आज सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे गाव फुललेलं. आमच्याकडे कोण येणार अशी धास्ती होती. यात्रेला आलेले पाहुणे घेऊन सोलापूरकरच आले.

तीन वाजता नागव्वा शेवटच्या तुकड्यातून रिकामी पाटी घेऊन परतल्या आणि म्हणाल्या, "मुगीतु." संपलं. थोडी कणसं मुद्दाम राखली आहेत, बियाण्याला. बाकी अख्खं शेत, पाचही तुकडे, लोकांच्या पोटात गेलं होतं.

देवयानी बांधावर बसली. मी शेजारी बसलो. तिच्या केसांत राख होती. मला म्हणायचं होतं की मी तीन महिने तुझ्यावर शंका घेतली. म्हणालो एवढंच, "वेळेचं नियोजन उत्तम."

ती हसायला लागली. हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. केवढं जड झालं होतं ते डोकं! कुणीतरी फार दिवस धरून ठेवलेलं ओझं उतरावं तसं.

२० जानेवारी

शेजारचे सहा शेतकरी तिप्पण्णांकडे येऊन गेले. पुढच्या वर्षी आमचंही शेत घ्या म्हणतात. मुली आधी थोडं पाहू म्हणाल्या. महिनाभर विचार करून मग सगळी घेतील, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतं.

मी या यशावर एक लेख लिहिला. 'एक मुहूर्त, एक पेरणी: मैंदर्गीचा आदर्श'. एकाच दिवशी पेरल्यामुळे सगळं पीक एकदम कसं हाती येतं, इतर हुरडा उत्पादकांनी हे कसं अनुकरणीय मानावं, असा सूर. शैली प्रसादयुक्त. शकुंतलेला वाचायला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"छान आहे," ती म्हणाली. "छापू नका."

"का? शैलीत काही...?"

"शैली उत्तम आहे. पण हुरडा किती दिवस कोवळा राहतो हो?"

"आठ-दहा दिवस."

"हं," ती म्हणाली, "गॅसखालचं दूध बघते," आणि उठून गेली. दूध गॅसवर असतं, खाली नसतं. पण मी पाच तुकडे गुणिले आठ दिवस असा हिशेब बोटांवर करत होतो, त्यामुळे तिला दुरुस्त केलं नाही. लेख फाडला.

२५ फेब्रुवारी

उद्या शिवरात्र. तिप्पण्णा आज सोलापुरात आले, नागव्वा सोबत. मुली घरीच होत्या. सोलर कंपनीच्या माणसाचा चार वाजता फोन येणार होता.

तिप्पण्णांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "तुमी बोला, सायेब. त्यो पोरगा लई ग्वाड बोलतोय. त्याला मराठीत न्हाई म्हनायला माझी जीभ उचलत न्हाय."

म्हणजे नकार! महेश्वरी कपाट आवरत होती, तिचा हात थांबला. देवयानी दारात.

फोन आला. मी घसा साफ केला. "तिप्पण्णांच्या मनात आपल्या प्रस्तावाविषयी संपूर्ण आदर असून, तथापि विद्यमान परिस्थितीत भूमीच्या विनियोगासंबंधी त्यांची धारणा काहीशी..."

"सर, म्हणजे होकार समजू ना?" पलीकडचा मुलगा आनंदाने म्हणाला.

देवयानीने कपाळाला हात लावला. तिप्पण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. "सायेब, न्हाई. ब्याड. नो. जमीन पोरींनी घेतली." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "व्हय, पोरींनी. पुडच्या साली हुरडा खायाला या."

फोन बंद केला आणि मला म्हणाले, "तुमी आदी गोल फिरवून ठिवलं, मंग सोपं गेलं."

महेश्वरी कपाटाकडे तोंड करूनच कानडीत काहीतरी म्हणाली. तिप्पण्णांनी दोन शब्दांत उत्तर दिलं. कुणी भाषांतर केलं नाही. नागव्वांनी पदराने डोळे पुसले आणि शकुंतलेबरोबर चहा टाकायला गेल्या.

पाहुणे गेल्यावर देवयानी दिवाणावर बसली ती बसल्या जागीच झोपली. ऑक्टोबरनंतर तिला दिवसाउजेडी झोपलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या हातातला फोन वाजायला लागला. शकुंतलेने तो अलगद सोडवून माझ्याकडे दिला. मी गॅलरीत जाऊन घेतला.

करमाळ्याहून कुणी गृहस्थ होते. हुरडा अजून चालू आहे का, म्हणून विचारत होते.

"या वर्षी नाही," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी दोन महिने आहे."

"अरे वा! कधीपासून?"

मी आत पाहिलं. शकुंतला तिच्या अंगावर चादर घालत होती.

"तारखा माझी मुलगी सांगेल," मी म्हणालो, "तिलाच विचारा."